औषध देणारा शेवटचा हात

रुग्णालयात औषध लिहितात डॉक्टर, पण रोग्याच्या शरीरात ते पोचते परिचारिकेच्या हातून. डॉक्टरांची नजरचूक ती वेळीच दाखवू शकते. औषध भांडारातून चुकून आलेली कुपीही परत पाठवू शकते. तिच्या स्वतःच्या चुकीला अडविणारे मात्र तिच्यानंतर कोणी नसते. एवढे ध्यानात घेतले तरी परिचर्येच्या अभ्यासक्रमात औषधशास्त्राला कोणते स्थान असावे, हे वेगळे सांगावे लागू नये.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सुधारला आणि हा विषय तिसऱ्या व चौथ्या सत्रांत विभागून दिला. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु अभ्यासक्रम बदलला म्हणजे अध्यापन बदलतेच, असे नाही. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पंचसूत्री विद्यार्थिनी घडाघडा म्हणून दाखवितात. पण 'योग्य' कशाला म्हणावयाचे, हे पाठांतराने कळत नाही. त्यासाठी औषध शरीरात कसे शोषले जाते, कोठे पसरते, यकृतात त्याचे काय होते आणि ते बाहेर कसे पडते, हे समजून घ्यावे लागते. जेंटामायसिन मुख्यत्वे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे मंदावलेल्या वृद्धाला नेहमीचीच मात्रा देत राहिल्यास ते साचत जाते आणि कानांना व मूत्रपिंडांनाच इजा करते. डिगॉक्सिनमध्ये गुणकारी व घातक मात्रांतील अंतर फार थोडे असते. म्हणून ते देण्यापूर्वी मिनिटभर हृदयाचे ठोके मोजावयाचे, आणि प्रौढ रोग्यात ते साठांहून कमी भरले तर डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध द्यावयाचे नाही. यामागचे कारण जिला उमगले आहे, ती कितीही घाई असली तरी ते मिनिट वाचविणार नाही.

दुसरी उणीव गणिताची. आपल्याकडे इन्सुलिन मिलिलिटरला ४० आणि १०० एकक अशा दोन तीव्रतांत मिळते, आणि दोहोंच्या सिरिंजा वेगळ्या असतात. शंभराच्या कुपीतील इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजेने दहाच्या खुणेपर्यंत ओढले, तर रोग्याला दहा नव्हे, पंचवीस एकक जातात. हेपॅरिनच्या पाच मिलिलिटरच्या एका कुपीत ५,००० तर तशाच दुसरीत २५,००० एकक असतात. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. येथे लागणारे गणित त्रैराशिकापलीकडचे नाही. पण त्यात शंभरापैकी पन्नास गुण मिळवून उत्तीर्ण होणे याचा अर्थ काय होतो, याचा विचार परीक्षा घेणाऱ्यांनी करावयास नको काय?

तिसरा प्रश्न भाषेचा. ग्रामीण भागातून, मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुली या व्यवसायात येतात. औषधांची नावे आणि डॉक्टरांचे आदेश इंग्रजीत असतात, तेव्हा इंग्रजी आवश्यक आहे, हे मान्यच. पण कार्यकारणभाव मराठीत समजावून दिल्याने इंग्रजीची हानी होत नाही. उलट न समजलेले इंग्रजी पाठ करण्याची आपत्ती टळते.

आणि एवढे शिकूनही प्रश्न विचारण्याची मुभा नसेल, तर ते ज्ञान वाया जाते. 'लिहिले आहे ते द्या', हे उत्तर ऐकलेली तरुण परिचारिका पुढच्या वेळी शंका आली तरी गप्प राहते. त्यातच एकटीवर भरलेल्या वॉर्डाचा भार असेल, तर चुकीचा सगळा दोष तिच्याच माथी मारणे अन्यायाचे ठरते. औषधोपचारातील टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणावी, असे आवाहन जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये केले, तेही माणसांना धाकात ठेवण्यापेक्षा व्यवस्था सुधारण्यावर भर देऊनच.

मात्रांच्या गणितात पूर्ण अचूकता आल्यावाचून विद्यार्थिनीला वॉर्डात इंजेक्शन देऊ देऊ नये. धोक्याच्या औषधांची मात्रा दोघींनी स्वतंत्रपणे पडताळावी. आणि शंका विचारणे हा उद्धटपणा नसून कर्तव्य आहे, हे डॉक्टरांनाही शिकवावे. यांपैकी कशालाच फार मोठा खर्च येत नाही. तो शेवटचा हात जाणता असणे, हा खाटेवरच्या रोग्याचा हक्कच आहे.