वाढत्या अंगाचा कोट

लहान मुलाचा कोट क्रोशावर विणण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत पाठ, पुढचे दोन भाग आणि दोन बाह्या असे पाच तुकडे वेगवेगळे विणून शेवटी जोडतात. दुसरीत गळ्यापासून सुरुवात होते, कोट खाली उतरत जातो आणि जोडायला फारसे काही उरत नाही. वाढत्या अंगाच्या मुलासाठी दुसरी रीत बरी. तिच्यात विणकाम संपते ते खालच्या काठावर आणि बाहीच्या तोंडाशी, आणि कोट आखूड पडतो तोही आधी तिथेच.

क्रोशाचा स्वभावही या रीतीला जुळणारा आहे. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते. सुई निसटली की टाके खाली घरंगळतात. क्रोशाच्या सुईवर एका वेळी एकच फास असतो. शेवटची गाठ सोडून धागा ओढला की ओळ उसवते, हवी तिथे थांबवता येते आणि तिथूनच पुढे विणता येते.

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा स्वस्त धागा बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा असतो. तो मऊ असतो, घरी धुता येतो आणि मुलाच्या मानेला टोचत नाही. मात्र त्यावर गरम इस्त्री फिरली तर तो कायमचा लुळा पडतो. अस्सल लोकर अधिक ऊबदार, पण तिच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात घासाघीस झाली की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो. सुती धागा कोटासाठी जड होतो आणि स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो. दोन वर्षांच्या मुलाच्या कोटाला मध्यम जाडीचा सुमारे २५० ग्रॅम धागा लागतो, टोपी जोडायची असल्यास आणखी ५० ग्रॅम. सगळे गुंडे एकाच रंग-लॉटचे घ्यावेत आणि एक गुंडा जास्तीचा घ्यावा.

टाक्यांची मराठी नावे सुटसुटीत आहेत: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. गोंधळ होतो तो इंग्रजी नमुना समोर ठेवल्यावर. आपला मुका खांब अमेरिकी नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ असतो, तर ब्रिटिश नमुन्यात ‘डबल क्रोशे’. अमेरिकी ‘डबल’ म्हणजे मात्र आपला पूर्ण खांब. नमुना कोणत्या देशाचा हे न पाहता सुरुवात केली, तर कोटाची उंची भलतीच येते. कोटासाठी अर्धा खांब उत्तम. पूर्ण खांबाच्या विणीतून वारा शिरतो, आणि नुसत्या मुक्या खांबाचा कोट पुठ्ठ्यासारखा ताठ होतो.

दोन वर्षांच्या मुलाची छाती साधारण ५३ सेंटिमीटर भरते. कोट इतर कपड्यांवरून घालायचा असल्याने त्यात आठ-दहा सेंटिमीटरची सैल ठेवावी लागते. मूल समोर असेल तर माप अंगावरच घ्यावे. नसेल तर त्याचा सध्या नीट बसणारा स्वेटर सपाट पसरून मोजावा.

त्यानंतर नमुन्याचा तुकडा. ४ मिलिमीटरच्या सुईने २४ टाक्यांचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून त्याच्या मधले १० सेंटिमीटर मोजावेत. तिथे १६ टाके आणि १२ ओळी आल्या तर पुढचा हिशेब जसाच्या तसा चालतो. हात घट्ट असेल आणि १६ ऐवजी १८ टाके भरले, तर ६० सेंटिमीटरचा घेर ५३ वर येतो, म्हणजे नेमका छातीएवढा, आणि कोटाची बटणे लागत नाहीत. अशा वेळी सुई अर्ध्या मिलिमीटरने जाड घ्यावी.

गळ्याची पहिली ओळ ५२ टाक्यांची. तिची वाटणी अशी: पुढचा भाग १०, बाही ६, पाठ २०, बाही ६, पुढचा भाग १०. या पाच भागांच्या चार सांध्यांवर रंगीत दोऱ्याच्या खुणा अडकवाव्यात. वाढीच्या ओळीत प्रत्येक खुणेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक टाका वाढवायचा, म्हणजे ओळीमागे ८ टाके. दोन ओळी वाढीच्या आणि तिसरी सरळ, असा क्रम धरला तर १६ ओळींत ११ वाढी बसतात. तेव्हा एकूण १४० टाके होतात: पुढे २१-२१, पाठीला ४२ आणि प्रत्येक बाहीला २८. एव्हाना खांद्यापासून मुंढ्यापर्यंतची सव्वातेरा सेंटिमीटर उंची तयार झालेली असते.

आता बाह्यांचे टाके सोडून द्यायचे. पुढचा भाग विणून काखेपाशी ६ साखळ्या घालाव्यात, बाही ओलांडून पाठ विणावी, आणि दुसऱ्या काखेतही तसेच करावे. अंगाचे ९६ टाके, म्हणजे ६० सेंटिमीटरचा घेर मिळतो. बटणपट्टीची रुंदी वेगळी. इथून खाली २७-२८ ओळी विणल्या की उंची ३६ सेंटिमीटरच्या आसपास जाते. खाली झोक हवा असेल तर दर पाच ओळींनी चार-चार टाके वाढवावेत.

सोडलेले २८ टाके आणि काखेतले ६ मिळून बाही ३४ टाक्यांची होते. दर सातव्या ओळीला दोन टाके कमी करत, तीन वेळा केल्यावर, मनगटाशी २८ उरतात. बाही गोल विणली जाते, पण प्रत्येक फेरीअखेर काम उलटून परतीच्या दिशेने विणावे. एकाच दिशेने विणलेल्या अर्ध्या खांबाची वीण अंगाच्या विणीहून वेगळी दिसते आणि बाही दुसऱ्याच कोटाची वाटते. बाही चार सेंटिमीटर जास्त लांब ठेवून दुमडली, तर तेवढी वाढ आधीच हाताशी राहते.

बटणपट्टी आणि गळ्याचा काठ मुक्या खांबाचा. पट्टीच्या मधल्या ओळीत दोन टाके सोडून दोन साखळ्या घातल्या की काज तयार होते. अमेरिकी नियमांत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकण्याजोगी धरतात, आणि कोटाचे बहुतेक प्रत्येक बटण त्यात मावते. म्हणून बटण नुसत्या लोकरीने न लावता मजबूत दोऱ्याने लावून ओढून पाहावे. गळ्याला किंवा टोपीला नाडी अजिबात नको. ती घसरगुंडीत अडकून गळफास बसतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये याच कारणासाठी अशा नाड्यांविरुद्ध सूचना काढल्या.

पुण्या-नाशिकच्या आजीने विणलेला कोट पुष्कळदा परदेशातल्या नातवंडासाठी असतो. तिथे मूल गाडीत पट्टे असलेल्या आसनात बसते, आणि जाड कोटावरून पट्टे आवळले तर ते अंगाला घट्ट बसत नाहीत. त्यामुळे गाडीत कोट काढावा, पट्टे लावावेत आणि मग तो वरून पांघरावा. डोक्यातून घालायच्या कपड्यापेक्षा पुढून उघडणारा कोट इथेही सोयीचा.

शेवटी धाग्यांची टोके बोथट सुईने विणीत उलटसुलट दोनदा ओवून लपवावीत. कोट कोमट पाण्यात धुऊन, पंच्यात गुंडाळून दाबावा आणि सपाट वाळत घालावा; दोरीवर टांगला तर लांबतो. जास्तीचा गुंडा प्रत्येक धुण्यात कोटासोबत धुवावा, म्हणजे दोघांचा रंग सारखाच विटतो. पुढच्या हिवाळ्यात खालचा काठ उसवून त्याच गुंड्याच्या सहा ओळी वाढवल्या, तरी जोड दिसत नाही.