लेव्होडोपा ‘पुढच्यासाठी’ राखून ठेवू नका

सत्तरीच्या पुढे कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान झालं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘लेव्होडोपा एवढ्यात घेऊ नका, पुढे लागू पडणार नाही.’ मग आजोबांना सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, अंथरुणात कूस बदलता येत नाही, बँकेतली सही बारीक होत जाते, तरी घरचे थांबून राहतात. कळकळीने सांगतो, या भीतीपायी थांबू नका.

काही वर्षांनी गोळीचा असर कमी वेळ टिकतो, अंग आपोआप हलू लागतं, हे खरं आहे. पण त्यात आजार पुढे सरकण्याचा वाटा मोठा असतो आणि अशा हालचालींचा धोका तरुणांना जास्त, वृद्धांना कमी असतो. नेदरलँड्समधला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना लेव्होडोपा लगेच दिली, काहींना 40 आठवड्यांनी. 80 आठवड्यांनंतर दोन्ही गटांची प्रकृती सारखीच होती. लवकर घेतल्याने आजार थांबला नाही, पण बिघडलाही नाही. म्हणून कधी सुरू करायची ते रोजच्या कामातली अडचण पाहून ठरवा. त्रास किरकोळ असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबायला हरकत नाही.

प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधंही उपयोगी आहेत. मात्र उतारवयात त्यांनी भास होणं, दिवसा अचानक झोप लागणं, पाय सुजणं हे त्रास जास्त होतात. कुणाला जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो. असं काही दिसलं तर लाजेने लपवू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. कंपवातावरच दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सीफेनिडिलने वृद्धांचा गोंधळ उडतो, विसरभोळेपणा वाढतो, लघवी अडते. चिठ्ठीत ती गोळी असेल, तर ‘या वयात ही गरजेची आहे का?’ असं जरूर विचारा.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. पित्तासाठीच्या काही गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं. त्याने, तसंच चक्कर-उलटीवरच्या प्रोक्लोरपेराझिनने आणि अर्धशिशीवरच्या फ्लुनारिझिननेही कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. कधी नव्या औषधापेक्षा जुनं बंद करणंच जास्त गरजेचं असतं.

लेव्होडोपा कमी मात्रेने सुरू होते आणि हळूहळू वाढवली जाते. शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. दूध, अंडी, डाळ यांतल्या प्रथिनांमुळे तिचा असर कमी होऊ शकतो. सुरुवातीला मळमळलं, तर डॉक्टरांना विचारून सोबत बिस्किट खा. उठताना चक्कर येते का, याकडे लक्ष ठेवा. आणि बरं वाटलं किंवा गोळ्या संपल्या म्हणून औषध एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

गोळी किती वाजता घेतली आणि हालचाल कधी मोकळी झाली, याची आठवडाभर वहीत नोंद ठेवा. पुढची मात्रा ठरवताना डॉक्टरांना तीच सर्वांत जास्त कामी येते.