तुंबलेला संडास कोणत्या पातीचा?

देवास हे मराठ्यांच्या इतिहासातले मोठे गमतीचे गाव. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांच्या वंशजांची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये 1948 पर्यंत या एकाच गावात नांदत होती. मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंना दोन अंमल. पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थासुद्धा निराळी. जवळच्या धारलाही पवारच, पण तिथे गादी एक. आज आपण या वाटणीला हसतो. परंतु मित्रहो, व्यापारी इमारतीतला संडास तुंबू द्या, तिथे दोन नव्हे, दहा पात्या उभ्या राहतात.

माझे मामा देवासला असतात. गेल्या सुटीत त्यांच्या दुकानाच्या इमारतीत हेच पाहिले. घाण पाणी थेट जिन्यापर्यंत आलेले. मालक म्हणे, भाडेकरू भांड्यात चिंध्या टाकतात. भाडेकरू म्हणत, मालकाने टाकी कधी उपसलीच नाही. चार दिवस हा खल चालला. पुरुष मंडळी कुठेही आडोसा शोधत. मामांकडे हिशेब लिहिणाऱ्या बाई मात्र दिवसभर पाण्याचा घोट घेत नसत. त्यांना कोणी काही विचारले नाही.

वास्तविक दोष शोधायला वादविवाद लागत नाही. एकच भांडे तुंबले असेल तर अडथळा त्याच्याच वाकात असतो, रबरी पंपाने बहुधा निघतो. वर पाणी सोडले की खालचे भांडे भरते, तेव्हा दोष सामाईक नळात. मग बाहेरच्या चेंबरचे झाकण काढावे. चेंबर कोरडे तर अडथळा त्याच्या अलीकडे. भरलेले तर पलीकडे, किंवा टाकीच भरली आहे. अशा वेळी वर ॲसिड ओतणे व्यर्थ, कारण मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात.

पाचव्या दिवशी एकाने तोड सुचवली : "एक माणूस खाली उतरवू, स्वस्तात होईल." मला खरा राग आला तो इथे. टाकीतला विषारी वायू फार झाला की नाकाला वासही कळेनासा होतो. याच देवास जिल्ह्यात, पीपलरावां येथे, 2017 साली टाकी साफ करताना चार जण गुदमरून गेले. 2013 च्या कायद्याने असे धोक्याचे काम कोणाकडूनही करवून घेणे हा गुन्हा आहे, पहिल्याच खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई 30 लाख ठरवली. तेव्हा ही 'स्वस्त' तोड कोणत्या हिशेबाने स्वस्त?

मामांनी विरोध केला आणि शेवटी उपसा करणारी गाडी आली. दोन तासांचे काम!

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतला भेद घोकवतात. टाकीचा उपसा हा निव्वळ महसुली खर्च. दोन-तीन वर्षांनी तो येणारच, मग त्याची तरतूद आधी का नको? जिन्यातल्या दिव्याचे आणि पाण्याच्या पंपाचे पैसे गाळ्यागणिक ठरलेले असतात. त्याच भाडेकरारात संडासाचे एक कलम घालावे, दरमहा रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी, आणि उपशाची तारीख मीटरच्या फळीवर खडूने लिहून ठेवावी.