स्क्रीन मालकाची, मांडणी ज्याची त्याची

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या जॉबवर्क करणाऱ्या युनिटची केबिन आणि चाकणमधल्या मोठ्या वाहन कंपनीचं ऑफिस यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. त्यातला एक फरक मात्र कॉम्प्युटर सुरू केल्यावरच दिसतो. भोसरीच्या केबिनमध्ये मॉनिटरवर बहुतेकदा जेजुरीचा खंडोबा नाहीतर शिवाजी महाराज असतात, आणि चेहऱ्यावर आयकॉन येऊ नयेत म्हणून ते सगळे कडेला सरकवलेले असतात. डावीकडे टॅली, ऑटोकॅड, जीएसटी आणि ई-वे बिलाच्या पोर्टलचे शॉर्टकट. उजवीकडे कस्टमरच्या नावांचे फोल्डर. खाली कोपऱ्यात अजून मार्गी न लागलेली चलनं. मोठ्या ऑफिसात ओळीनं मांडलेल्या सगळ्या स्क्रीनवर एकच रंग, एकच लोगो, एकच सुरक्षेचं घोषवाक्य. राइट क्लिक करून चित्र बदलायला जावं तर तो पर्यायच करडा झालेला, कारण मांडणी आयटी विभागानं सर्व्हरवरून ठरवलेली. या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे ‘प्रोफेशनल’ म्हणतात, आणि ग्राहक कंपनीचं ऑडिट येणार म्हटलं की भोसरीतल्या लघुउद्योजकालाही तोच कित्ता गिरवावासा वाटतो. माझ्या मते तो गिरवू नये. स्क्रीनवर काय असावं हे कंपनीनं जरूर ठरवावं. ते कुठे असावं, किती मोठं असावं आणि कोणत्या रंगावर असावं, हे तिथे बसणाऱ्यावर सोडावं.

डेस्कटॉप ही कल्पनाच मुळात एकेकट्याच्या टेबलावरून घेतलेली आहे. झेरॉक्स कंपनीनं 1981 मध्ये ‘स्टार’ हा कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर कागद, फोल्डर, येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाचे ट्रे अशी चित्रं होती, आणि ती हवी तिथे ठेवता येत. 1984 मध्ये ॲपलच्या मॅकिन्टॉशनं हीच रीत पुढे नेली, तर 1995 च्या विंडोजनं ती घरोघरी पोचवली. या मोकळीकीची किंमत ती विकणाऱ्यांना नेमकी ठाऊक आहे. मायक्रोसॉफ्टनं 2009 मध्ये छोट्या, स्वस्त लॅपटॉपसाठी विंडोज 7 ची ‘स्टार्टर’ आवृत्ती काढली. तिच्यात प्रोग्रॅम चालत, इंटरनेट चाले, पण डेस्कटॉपवरचं चित्र बदलता येत नसे. पुढे विंडोज 10 मध्ये लायसन्स न घेतलेल्या कॉम्प्युटरवर एक्सेल चालू राहिलं, छपाई चालू राहिली. कुलूप लागलं ते सेटिंगमधल्या ‘पर्सनलायझेशन’ला. पैसे भरायला लावण्यासाठी कंपनीनं अडवून धरलं काय, तर रंग आणि चित्र! ज्या गोष्टीला काही मोल नाही, ती कोणी अशी अडवून धरत नाही.

पण चित्र हा यातला वरवरचा भाग. खरा प्रश्न जागेचा आहे. थॉमस मलोन या अमेरिकी संशोधकानं 1983 मध्ये ऑफिसातल्या लोकांच्या टेबलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कागद नीट फायलीत लावणारे आणि ढीग रचणारे असे दोन स्वभाव त्याला दिसले, आणि ढीग म्हणजे निव्वळ आळस नव्हे, हेही दिसलं. वर राहिलेला कागद ‘मी अजून बाकी आहे’ अशी आठवण करून देतो. डेबोरा बारो आणि बॉनी नार्डी यांनी 1995 मध्ये हेच कॉम्प्युटरच्या बाबतीत मांडलं. लोक फाइल नावानं शोधण्याआधी ती कुठे ठेवली होती त्या जागेवरून शोधतात, आणि चालू कामाची फाइल मुद्दाम नजरेसमोर ठेवतात. आता भोसरीतल्या डिस्पॅच सांभाळणाऱ्या माणसाकडे बघा. माल गेला पण पोच आली नाही अशी चलनं त्यानं उजव्या कोपऱ्यात ठेवलेली असतात. पोच आली की फाइल आत जाते. बाहेरच्याला हा पसारा दिसतो. त्याच्यासाठी तो बोर्डवर खडूनं लिहिलेल्या यादीइतकाच कामाचा असतो. ऑडिटच्या आदल्या दिवशी कोणी ‘डेस्कटॉप साफ करा’ म्हणून सगळं एका फोल्डरमध्ये कोंबलं, तर फाइल एकही हरवत नाही, पण कोणतं काम बाकी आहे हे दिसेनासं होतं. कोणती गोष्ट दिवसातून चाळीस वेळा लागते आणि कोणती महिन्यातून एकदा, हे आयटी विभागाला माहीत असण्याचं कारण नाही. ते त्या खुर्चीतल्या माणसालाच माहीत असतं.

यापुढचा पुरावा थेट स्क्रीनचा नाही, खोलीचा आहे, हे आधीच सांगतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी 2010 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. काही माणसांना अगदी रिकामी, चकचकीत खोली दिली. काहींना झाडं आणि चित्रं लावलेली. काहींना तीच झाडं-चित्रं स्वतःच्या मनानं मांडू दिली. रिकाम्या खोलीतल्यांपेक्षा सजवलेल्या खोलीतल्यांचं काम जास्त झालं, आणि स्वतः मांडणाऱ्यांचं सर्वांत जास्त, रिकाम्या खोलीच्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी. प्रयोगातला चौथा गट मला सर्वांत बोलका वाटतो. त्या लोकांना आधी मनासारखी मांडणी करू दिली, आणि मग त्यांच्यासमोरच ती उलटीपालटी करून टाकली. त्यांचं काम पुन्हा रिकाम्या खोलीच्या पातळीवर घसरलं. झाडं तीच होती, चित्रं तीच होती. निर्णय मात्र त्यांचा राहिला नव्हता. खोलीचा निष्कर्ष स्क्रीनला जसाच्या तसा लागू होईल असं म्हणत नाही. पण आठ तास ज्या चौकटीत नजर अडकलेली असते, तिला तो मुळीच लागू नाही असं म्हणणाऱ्यानं तरी कारण द्यायला हवं.

सर्वांत वजनदार आक्षेप या पट्ट्यातूनच येतो, आणि त्याचं नाव ‘फाइव्ह एस’. पिंपरीपासून चाकणपर्यंत असा कारखाना शोधावा लागेल जिथे सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके या पाच जपानी शब्दांचा फलक नाही. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक वस्तू जागेवर. टूलबोर्डवर पान्याची आकृती रंगवलेली, पाना नसेल तर मोकळी आकृती लगेच डोळ्यात भरते. मग स्क्रीनला वेगळा न्याय कशाला? शिवाय फॅनकचा कंट्रोलर असलेल्या मशीनवर हात बसलेला ऑपरेटर भोसरीच्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये गेला तरी दोन दिवसांत रुळतो, कारण बटणांची धाटणी ओळखीची असते. हा मुद्दा खरा आहे, आणि इमर्जन्सी स्टॉपचं बटण कोणाच्या आवडीवर सोडावं असं कोणीही शहाणा म्हणणार नाही. जिथे चुकीच्या जागेमुळे बोट जाऊ शकतं, तिथे जागा एकच हवी. पण फाइव्ह एसचा अर्थ ‘सगळीकडे सारखं’ असा लावणं ही त्या पद्धतीची अर्धवट नक्कल आहे. टूलबोर्ड प्रत्येक मशीनपाशी वेगळा असतो, कारण तिथलं काम वेगळं असतं. टोयोटाची उत्पादनपद्धती उभारणाऱ्या ताइइची ओनो यांचा आग्रहच होता, की कामाचं प्रमाण वरून लादू नये, ते काम करणाऱ्यानं लिहावं आणि त्यानंच सुधारत राहावं. आपल्याकडे मशीनपाशी ट्रे सहा इंच अलीकडे घेतला म्हणून ऑपरेटरचा फोटो कायझेनच्या फलकावर लागतो, टाळ्या वाजतात. त्याच माणसानं केबिनमधल्या स्क्रीनवर आयकॉन सहा इंच अलीकडे घेतला तर ती शिस्तीची पायमल्ली कशी होते, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसरा आक्षेप ड्रॉइंगचा, आणि इथे मी अर्धी बाजी सोडून देतो. ग्राहक ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन पाठवतो, एका बोअरचा टॉलरन्स बदललेला असतो. पण कोणीतरी सोयीसाठी जुनी पीडीएफ डेस्कटॉपवर काढून ठेवलेली असते. प्रोग्रॅम तिच्यावरून होतो आणि अख्खी बॅच रिजेक्ट. आयएसओ 9001 असो की वाहन उद्योगाचं आयएटीएफ 16949, कालबाह्य कागद वापरात राहू नये यावर त्यांचा कटाक्ष असतो, तो उगाच नाही. डेस्कटॉप मोकळा सोडला की अशा पीडीएफ साचतात, हे मान्य. पण दोष जागेचा नाही, प्रतीचा आहे. तीच पीडीएफ ‘डी’ ड्राइव्हवरच्या सुबक फोल्डरमध्ये पडून राहिली असती तरी बॅच गेलीच असती, आणि ती नजरेआड असल्यामुळे चूक सापडायला कदाचित जास्त वेळ लागला असता. उपाय साधा आहे: ड्रॉइंग एकाच सामायिक जागी, आणि डेस्कटॉपवर तिथे नेणारा शॉर्टकट. शॉर्टकट कुठेही ठेवा, कोणत्याही कोपऱ्यात, नेहमीच्या चित्राऐवजी दुसरं चित्र लावून. मूळ जागची फाइल बदलली की तो नव्यावरच जातो. याचा आणखी एक फायदा आहे. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल खरं तर ‘सी’ ड्राइव्हमध्ये असते. कॉम्प्युटर बंद पडला आणि दुरुस्तीवाल्यानं बॅकअप न घेता फॉरमॅट मारला, की चार वर्षांचं काम एका दुपारीत साफ. तेव्हा नियम करायचाच तर ‘डेस्कटॉपवर मूळ फाइल नको’ एवढा करावा.

तीन पाळ्यांचं काय, असंही विचारलं जातं. एकच कॉम्प्युटर, तीन माणसं, एकानं हलवलेलं दुसऱ्याला सापडत नाही. याचं उत्तर विंडोजमध्ये कित्येक वर्षांपासून तयार आहे: प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. तरी अनेक ठिकाणी एकच ‘ॲडमिन’ आणि एकच पासवर्ड असतो, तोही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. वेगळं लॉगिन केलं तर मांडणी ज्याची त्याला मिळते आणि कोणत्या पाळीत काय बदललं याचा माग लावणंही सोपं जातं. म्हणजे मालकाचाही फायदाच. ग्राहकाला दिसणाऱ्या स्क्रीनवर राजकीय नेत्याचं चित्र नको, गोपनीय ड्रॉइंग उघडं ठेवून उठू नये, थीमच्या नावाखाली कुठल्याही वेबसाइटवरून काहीही उतरवू नये, हे सगळे नियम करावेत, पाळावेत. त्यांनी आयकॉनच्या जागेला धक्का लागत नाही.

राहता राहिला वेळेचा आक्षेप: पोरं कामाऐवजी वॉलपेपर बदलत बसतील. बसतील, पहिल्या दिवशी. वेळ जातो तो मांडणी दुसऱ्यानं बदलल्यावर. मायक्रोसॉफ्टनं 2012 मध्ये विंडोज 8 मधून स्टार्टचं बटण काढलं, जगभर ओरड झाली, आणि वर्षभरात ते बटण परत आणावं लागलं. पूर्ण मेनू परतायला 2015 उजाडलं. ऑटोकॅडनं 2015 च्या आवृत्तीतून ‘क्लासिक’ मांडणी काढून टाकली, तेव्हा जुन्या ड्राफ्ट्समननी आपले टूलबार एकेक करून परत बोलावले, त्यांची मांडणी स्वतःच्या नावानं सेव्ह केली आणि काम पुढे चालू केलं. टॅलीप्राइम 2020 मध्ये आलं तेव्हा मेनूच्या जागा आणि काही बटणं बदलली, आणि न बघता कीबोर्ड बडवणाऱ्या अकाउंटंटचे हात अडखळले. ही मंडळी बदलाला नाखूश होती असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण ऑटोकॅडमध्ये आज्ञांची संक्षिप्त रूपं हवी तशी बदलायची सोय कंपनीनंच दिलेली आहे, आणि कसलेल्या ड्राफ्ट्समनचं अर्धं कसब त्या बसवलेल्या अक्षरांत असतं. ते काढून घेणं म्हणजे त्याला नवशिक्याच्या रांगेत नेऊन उभं करणं.

आणि डोळे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्टोअरकीपरला अक्षर 125 किंवा 150 टक्के मोठं हवं असतं. शेजारच्या पंचविशीतल्या प्रोग्रॅमरला तेच अक्षर जागा खाणारं वाटतं. फुलाफुलांच्या चित्रावर आयकॉनची नावं वाचता येत नाहीत, गडद एकरंगी पार्श्वभूमीवर येतात. कोणाला मराठी मेनू हवा असतो. विंडोजमध्ये तो फुकट मिळतो, पण मागितल्याशिवाय कोणी बसवून देत नाही. सगळ्यांना एकच ठरवलेली स्क्रीन देणारा माणूस हे सगळं एका सरासरी डोळ्यासाठी ठरवतो, आणि तसा डोळा कोणालाच नसतो.

हे सगळं आत्ता बोलण्याचं कारण आहे. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर चढत नाही, म्हणून नवी यंत्रं घेणं आलं. विंडोज 11 बाजारात आलं तेव्हा त्यात टास्कबार बाजूला किंवा वर नेण्याची जुनी सोय नव्हती आणि आयकॉन आपसूक मधोमध यायचे. म्हणजे मांडणीचा थोडा भाग आधीच हातातून गेलेला. उरलेला आपणच घालवतो. नवे कॉम्प्युटर बसवायला हार्डवेअरवाला येतो तो सोयीनं गुरुवारी, कारण त्या दिवशी भोसरीत साप्ताहिक सुट्टी, मशीन बंद, केबिन मोकळी. म्हणजे ज्यांनी त्या स्क्रीनसमोर बसायचं, तेच नेमके तिथे नसतात. त्याला शुक्रवारी बोलवावं. अकाउंटंट, ड्राफ्ट्समन, डिस्पॅचवाला यांनी प्रत्येकी अर्धा तास त्याच्या शेजारी बसावं, जुनी स्क्रीन आधी फोटोत घेऊन ठेवावी, आणि अक्षर केवढं, आयकॉन कुठे, लॉगिन कोणाच्या नावानं, हे त्यांनी सांगत जावं. बिलात त्याचे दोन तास जास्त लागतील.