पाळक की मालक?
ख्रिस्ती मंडळीचा पाळक हा मेंढरांचा राखणदार, मालक नव्हे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्याचेच नाव घेणारे काही पुढारी मात्र पाय धुऊन घ्यावयास बसतात! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. तेथे राजा एक ख्रिस्त. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सारे बंधू. म्हणजे पुढारी नकोच काय? हवा तर! शिकवावयास हवा, आजाऱ्याच्या उशाशी बसावयास हवा, देणगीच्या पैपैचा हिशेब मंडळीपुढे ठेवावयास हवा. परंतु ज्याला जाब विचारणे हेच पाप ठरते, तो पाळक कसला? पणती हाती धरणाऱ्याने उजेडावर मालकी सांगू नये.