अनुकूलनाचा पाठ अर्ध्यावर सोडू नका



अनुकूलनाचा पाठ आला की आपण उंट, निवडुंग आणि ध्रुवीय अस्वल सांगतो. मुलं पाठ करतात, "सजीव परिस्थितीशी जुळवून घेतात." पेपरात दोन मार्क मिळतात आणि विषय संपतो. पण मला वाटतं, हे वाक्य आपण अर्धवटच शिकवतोय.

यंदा मी वर्गात ऑस्ट्रेलियातल्या लॅमिंग्टन क्रेफिशची माहिती सांगितली. क्रेफिश म्हणजे शेवंडीचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. आपल्या भारतात तो मूळचा नाही. क्वीन्सलंडचा आग्नेय भाग आणि त्याला लागून असलेला न्यू साउथ वेल्सचा ईशान्य भाग, इथल्या वर्षावनातल्या डोंगरी ओढ्यांत, साधारण ३०० मीटर उंचीच्या वर तो राहतो. लॅमिंग्टन पठारावरचा तर चक्क निळा असतो! पावसात कधी पायवाटेवरही येतो आणि कोणी जवळ गेलं की नांग्या उगारून फुसफुसतो. मुलं खूश झाली.

मग एकीनं विचारलं, "बाई, पाणी गरम झालं तर तो पण जुळवून घेईल ना?"

खरा पाठ इथे सुरू होतो. त्याचं शरीर थंड, स्वच्छ पाण्यासाठी घडलंय. गारव्यासाठी वर चढायचं म्हटलं तरी किती चढणार? डोंगर कुठेतरी संपतोच. त्याच्याच कुळातला युॲस्टॅकस बिंडल तर टाउन्सव्हिलजवळच्या माउंट इलियट या एकाच डोंगरावर आढळतो. दुसऱ्या डोंगरावर जायचं तर मधे उष्ण सखल प्रदेश आडवा येतो. अनुकूलन घडायला असंख्य पिढ्या लागतात आणि हे प्राणी वाढतातही फार सावकाश. ज्या गुणामुळे ते आजवर टिकले, तोच आता त्यांची अडचण झालाय.

कोणी म्हणेल, "अभ्यासक्रमात नाही, मग मुलांना कशाला घाबरवायचं?" पण ही भीती नाही, पाठाचाच उरलेला भाग आहे. उंट शिकवाच, फक्त शेवटी एक प्रश्न जोडा: "याची राहायची जागा बदलली तर याचं काय होईल?"

आणि पालकांनो, पावसाळ्यात ओढ्यावर खेकडा बघायला मुलानं दगड उचलला तर रागावू नका. बघू द्या. फक्त दगड हळूच परत जागेवर ठेवायला सांगा. ते कुणाचं तरी घर आहे.