दात्याची पूर्वहकीकत

झाशी येथे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ साली स्थापन झाले. बुंदेलखंडातील रोगी तेथे उपचारासाठी येतात. अशा प्रदेशात नेत्रदानाचा व अवयवदानाचा प्रसार व्हावा, हे इष्टच होय. परंतु दान स्वीकारण्यापूर्वी दात्याची पूर्वहकीकत कसोशीने विचारली पाहिजे. केवळ रक्ततपासणीवर विसंबून चालणार नाही.

दात्याच्या अवयवात रोगजंतू दडलेले असल्यास तेही रोग्याच्या शरीरात जातात. शरीराने परका अवयव झिडकारू नये म्हणून त्या रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम क्षीण केलेली असते. त्यामुळे जंतूंना रान मोकळे मिळते. एड्सचे विषाणू आणि ब व क प्रकारची कावीळ यांसाठी दात्याचे रक्त तपासतात. तथापि संसर्ग नुकताच झालेला असेल, तर रक्तातील प्रतिद्रव्ये शोधणाऱ्या परीक्षेत तो आढळत नाही. अलर्काचे, म्हणजेच रेबीजचे, विषाणू तर मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातात. नेहमीच्या रक्ततपासणीत ते सापडत नाहीत.

अमेरिकेत २००४ साली एकाच दात्याचे यकृत, दोन मूत्रपिंडे व धमनीचा तुकडा मिळालेले चार रोगी अलर्काने दगावले. आपणास वटवाघूळ चावल्याचे त्या दात्याने इतरांना सांगितले होते. पण ही गोष्ट उघडकीस आली ती रोग्यांच्या मृत्यूनंतर. भारतातही एकाच दात्याची पारपटले डोळ्यांत बसविलेले दोन रोगी अलर्कानेच मरण पावल्याचे वृत्त १९८८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

शोकाकुल आप्तांना प्रश्न विचारणे निर्दयपणाचे आहे, असे कोणी म्हणेल. दाते थोडे आणि वेळ अपुरा, हेही खरे. परंतु ‘कुत्रा किंवा दुसरा प्राणी चावला होता काय? मृत्यूपूर्वी पाण्याची भीती किंवा भ्रम जाणवला होता काय?’ एवढे विचारावयास खर्च येत नाही. हे प्रश्न शेजाऱ्यांना व मित्रांनाही विचारावेत. मेंदूच्या आजाराचे कारण उमगले नसेल, तर ते दान नम्रपणे नाकारावे.

कोणता अवयव कोणास दिला, याची नोंदही चोख हवी. अमेरिकेत २०१३ साली मूत्रपिंड मिळालेला एक रोगी रोपणानंतर दीड वर्षाने अलर्काने मरण पावला. त्याच दात्याचे अवयव मिळालेल्या इतर तिघांचा नोंदींवरून शोध लागला. त्यांना लस देण्यात आली आणि ते वाचले.

आप्तांनी खरे सांगणे, हाही दानाचाच एक भाग होय.